मेंढरांखालचं अंथरण

नामाजीला चालण्याशिवाय दुसरं काही येत नाही, असं चांगुणाबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पुसेगावच्या शिवारात त्याचं घर होतं, घरामागं कडबा ठेवायची पत्र्याची छपरी होती, अंगणात लिंबाचं झाड होतं. पण तो घरी सापडायचा फक्त पावसाळ्यात. शेतं मोकळी व्हायला लागली की मेंढरं पुढं आणि तो मागं. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. ज्याच्या वावरात मेंढरं रात्री बसत, त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळे. बदल्यात कुणी ज्वारी देई, कुणी डाळ देई. दुसरा-तिसरा दिवस उजाडला की कळप उठला. पावसाळ्यात मेंढरं गावाबाहेरच्या मुरमाड माळावर काट्यांच्या कुंपणात असत. पाणी पडे आणि वाहून जाई. त्यामुळं मेंढराच्या पोटाखाली काय आहे याचा विचार नामाजीनं कधी केला नव्हता. त्याच्या बापानंही केला नव्हता. जमीन होती. ओली वाटली तर पुढं सरकायचं.

पोरगा एकच, प्रभू. अंगानं काटक, बापापेक्षा वीतभर उंच. बापाला न येणारी एक गोष्ट त्याला येई, ती म्हणजे लोकांशी बोलणं. कुठल्याही गावच्या पारावर तो पाच मिनिटांत आपला होऊन जाई. त्याचं लग्न सुकन्याशी झालं तेव्हा चांगुणाबाईला वाटलं, आता म्हातारा घरी बसेल आणि पोरगा मेंढरं वळेल. म्हातारा घरी बसला नाही. दोघंही जाऊ लागले. प्रभू पुढं, नामाजी मागं.

शहाण्णव सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. सेनगावच्या रस्त्यानं पहाटे कळप चालला होता आणि धुई अशी दाटली होती की नामाजीला आपल्या काठीचं टोक तेवढं दिसत होतं. पुढं प्रभूची शीळ ऐकू येत होती. मग पुढून एका ट्रकचा आवाज आला. तो वाढला, आणि शीळ थांबली. मेंढरं नामाजीच्या अंगावर मागं उसळली. ट्रक नामाजीला ओलांडून थोडा पुढं जाऊन थांबला असावा, कारण इंजिनाची घरघर काही वेळ एकाच ठिकाणाहून येत राहिली. मग तीही गेली. ट्रक कुणाचा, कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तांड्यावरचा भीमसिंग बैलगाडी घेऊन वावराकडं निघाला होता. तो आधी पोचला. त्यानंच गाडीतला कडबा खाली टाकला आणि प्रभूला उचलून गाडीत निजवलं. नामाजी तिथंच उभा होता.

"नामाजी, चल, बस गाडीत," भीमसिंग म्हणाला.

"मेंढरं पांगली," नामाजी म्हणाला.

तो गाडीत बसला नाही. अर्धा कळप रस्त्यावर मरून पडला होता, उरलेली मेंढरं हरभऱ्याच्या वावरांत शिरली होती. ती त्यानं एकेक करून गोळा केली आणि वावरावावरातून, रस्ता सोडून, घरी आणली. तो पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि बायका रडत होत्या. तो त्यांच्यामधून गेला, मेंढरं घरामागच्या छपरीत घातली, कडी लावली. मग येऊन प्रभूशेजारी बसला. तो रडला नाही. दहाव्याला रडला नाही, तेराव्याला नाही. चांगुणाबाईच्या भावानं त्याला मुद्दाम पोराच्या लहानपणच्या गोष्टी काढून रडवायचा प्रयत्न केला. नामाजीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मेंढरांना पानी दावलं का कुनी?"

कडी उघडली गेली नाही. उद्या सोडू, परवा सोडू असं चांगुणाबाईला वाटत राहिलं, पण नामाजी उठेना. तो ओट्यावर बसे. ऊन सरकलं की तोही सरके. जेवायला दिलं की जेवे. दोघी बाया बांधाबांधानं हिंडून गवत, बोरीचा-बाभळीचा पाला आणत, भीमसिंगच्या वावरातून तुरीचा भुसा आणत. मेंढरं छपरीत उभ्यानं खात आणि तिथंच बसत.

उन्हाळाभर काही वाटलं नाही. लेंड्या वाळत, मेंढरं त्या तुडवत, खाली कडक थर होई. पावसाळा लागला तशी छपरीची खरी गत कळली. पत्रा कडेला गळत होता. खालची जमीन काळी, म्हणजे पाणी धरून ठेवणारी. वरून मेंढरांचं मूत. सगळ्याचा मिळून चिखल झाला, घोट्यापर्यंत पाय रुतणारा. कुजकट, डोळ्यांत झोंबणारा वास घरात चुलीपर्यंत यायला लागला. मेंढरं बसेनात. उभीच राहत, एक पाय उचलून, मग दुसरा. खुरांच्या बेचक्यातून घाण वास येई. पोटाखालची लोकर मूत-चिखलानं गोळे होऊन लोंबायला लागली. त्यातच एक अशक्त मेंढी व्याली आणि तिचं कोकरू दोन दिवस खोकून मेलं.

"अवो, तुमी एकदा बघा तरी," चांगुणाबाई म्हणाली.

"बघितलं."

"मग?"

नामाजीनं पाय ओट्यावर घेतले आणि भिंतीला टेकला. कोकरू मेल्याचं त्याला कळलं होतं, जसं पलीकडच्या गल्लीत कुणाचं भांडण चाललंय हे कळतं. आत कुठं काही हलत नव्हतं. पुष्कळ वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखा वाटतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. त्याची त्याला तकलीफही नव्हती.

सुकन्यानं मग स्वतःच फावडं घेतलं. ती रोज सकाळी लुगडं खोचून छपरीत उतरे आणि घमेल्यानं चिखल बाहेर काढे. जेवढा काढे तेवढा दुसऱ्या दिवशी परत. एकदा सकाळी नामाजी ओट्यावर बसला होता आणि ती भरलेलं घमेलं घेऊन त्याच्या समोरून गेली. उकिरड्यापाशी तिचा पाय निसटला आणि ती घमेल्यासकट पडली. उठली. अंगाला लागलेला चिखल हातानं निपटला. ती रडली नाही, रागावली नाही, सासऱ्याकडं बघितलंही नाही. घमेलं उचलून ती परत छपरीकडं वळली. तिचा चेहरा नामाजीनं बघितला, आणि तो त्याच्या ओळखीचा वाटला. तिचंही तसंच झालं होतं.

तो ओट्यावरून उतरला, तिच्यामागं छपरीत गेला आणि तिच्या हातातलं फावडं घेतलं.

"राहू द्या, मामा. मी करून राहिले ना."

"असं न्हाई निघायचं ते," तो म्हणाला. "वरवर काढून काय व्हतंय."

हे आपल्याला कसं कळलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी मेंढरं बाहेर लिंबाखाली बांधून त्यानं छपरी खोदायला घेतली. काळा चिखल संपून कोरडी माती लागेपर्यंत खाली गेला. भीमसिंगची गाडी मागून माळावरचा मुरूम आणला. तो भरला, चोपणीनं चोपला, मागच्या बाजूला उतार काढला आणि कडेनं पाणी जायला चर मारला. पत्रा गळत होता तिथं डांबर लावलं. खुरांसाठी चांगुणाबाईनं सेनगावहून मोरचूद आणून दिला. त्याचं पाणी घमेल्यात करून एकेका मेंढराचे पाय त्यात धरले. मग मुरमावर चुलीतली राख भुरभुरली आणि भीमसिंगकडचं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीत निघालेला भुसा, आणून पसरलं.

मेंढरं आत सोडली तेव्हा ती दारातच थबकली. मग एक म्हातारी मेंढी पुढं झाली, पायानं कुटार उकरलं, स्वतःभोवती फिरली आणि बसली. बाकीची पण बसली. किती दिवसांनी बसली असतील कोण जाणे. चांगुणाबाई दाराला टेकून बघत होती. तिचे डोळे भरून आले. नामाजी फावडं धूत होता.

त्यानंतर ते त्याचंच काम झालं.

सुरुवातीला चुका झाल्या. पहिलं कुटार पाऊस लागलेलं होतं, ते बुरसलं आणि मेंढरं शिंकायला लागली. ज्वारीचं सरमड टाकून बघितलं तर मेंढरांनी ते खाऊनच टाकलं. कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक तोडून खाली घातल्या, त्यांची टोकं कोकराच्या आचळ शोधणाऱ्या तोंडाला टोचली. सेनगावच्या लाकडाच्या वखारीतला भुसा पाणी चांगलं पिई, पण त्याची धूळ लोकरीत शिरे. शेवटी त्याची एक रीत बसली. खाली भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा, वर तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार, आणि पिसवा होऊ नयेत म्हणून अधूनमधून लिंबाचा वाळला पाला. ओलं झालेलं रोज काढायचं नाही, नुसतं वरून कोरडं घालायचं. पावसाळ्यात जास्त, थंडीत कमी. थर चढत जातो, खाली दबून हळूहळू कुजतो आणि थंडीत त्याची ऊब वर येते. पण खालून पाणी आलं तर सगळा डाव बिघडतो.

कोरडं आहे की नाही हे बघायला तो गुडघे टेकून बसे. जिथं मेंढरं जास्त बसत तिथं गुडघा दाबून धरायचा. धोतराला ओल आली तर तिथं दोन पाट्या कुटार. मग तसंच वाकून, मेंढराच्या नाकाएवढ्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्यायचा. उभ्या माणसाला वास येत नसला तरी खाली डोळे चुरचुरतात. चुरचुरले तर मागची ताटी उघडून वारा घालायचा. सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. गावातली माणसं म्हणायची, नामाजी मेंढरांत नमाज पढतो. नामाजी हसला नाही आणि चिडलाही नाही.

त्याला ते काम बरं वाटत होतं असंही म्हणता येत नाही. त्या कामात त्याला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच. ओलं झालं की कोरडं टाकायचं. त्याला कारण लागत नाही, आणि ते संपतही नाही. चैत्रात तो सगळा थर खणून काढी, अमृतराव नावाच्या बागायतदाराच्या हळदीला ते खत जाई आणि अमृतराव त्याबदल्यात वर्षाचं कुटार घरपोच करी. मुरूम उघडा पडे, त्याच्यावर चुना मारायचा, आठ-पंधरा दिवस ऊन खाऊ द्यायचं आणि पुन्हा पहिल्या पाटीपासून सुरू. मेंढरं गावाजवळच्या माळावर फिरून येत, तीही सुकन्या नाहीतर चांगुणाबाई नेई. नामाजी पांदीच्या वाटेच्या तोंडापर्यंत जाई. तिथून पुढं डांबरी रस्ता दिसे. तिथून तो मागं फिरे.

अशी चार वर्षं गेली. मधे हिंगोलीचा जिल्हा झाला. सेनगावकडं जीपा वाढल्या. छपरीतली कोकरं मरायची थांबली. लोक म्हणत, नामाजी सावरला. चांगुणाबाईला माहीत होतं की तो सावरला बिवरला काही नाही, तो फक्त हालायला लागला आहे.

तिला घोर होता तो सुकन्याचा. पोरीला लेकरूबाळ नव्हतं. वय तर काय, तिच्याबरोबरीच्या पोरी आत्ता कुठं पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होत्या. सुकन्याचे आईबाप तिला न्यायला दोनदा आले, पण तिथं भावजयांच्या राज्यात जायला ती तयार नव्हती. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करायची चाल होतीच. जवळा बाजारकडच्या एका वस्तीवर संतराम नावाचा माणूस होता. बायको काविळीनं गेली, मूल नाही, थोडी मेंढरं, थोडी जमीन. चांगुणाबाईच्या भावानं ते स्थळ आणलं.

जेवताना तिनं विषय काढला.

"संतरामचं म्या सांगितलं व्हतं तुमाला. तुमचं काय म्हननं हाय?"

नामाजीनं घास गिळला. "कुटार संपत आलं," तो म्हणाला. "अमृतरावला निरोप धाडावा लागंन."

सुकन्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. चांगुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि आपलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी नामाजी छपरीत असताना सुकन्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर कुटाराची पाटी होती. ती तिनं उतरवली नाही.

"मामा, एक इचारू का?"

"इचार."

"तुमी जा म्हनलं तर जाईन. राहा म्हनलं तर राहीन. पन काहीतरी म्हना. आत्याबाई रोज रडतेत, आनि तुमी काहीच म्हनत न्हाई. मला कळंना झालंय."

नामाजी गुडघ्यावर बसला होता. त्यानं उत्तर शोधलं. खरंच शोधलं. जा म्हणताना काय वाटेल, राहा म्हणताना काय वाटेल, ते आत हात घालून चाचपून बघितलं, आणि हाताला काहीच लागलं नाही. मग त्याला त्या पोरीची दया यायला पाहिजे होती, तीही आली नाही. पण यायला पाहिजे होती एवढं त्याला कळलं.

"तुला कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"मला कसंच वाटत न्हाई, मामा," सुकन्या म्हणाली. "म्हनून तर तुमाला इचारून राहिले."

तो उठला, तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. "बघून येतो," म्हणाला.

आणि तो गेला. ज्या रस्त्यावर चार वर्षांत त्यानं पाय ठेवला नव्हता, त्या रस्त्यावर येऊन तो एस.टी.ला हात करून उभा राहिला. चांगुणाबाई सोबत यायला निघाली होती, तिला तो नको म्हणाला. गाडी आली, तो चढला. ती जागा आली तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता. हरभरा होता, बाभळी होत्या. एक बाई शेण वेचत होती. जागा गेली. हिंगोलीला गाडी बदलली, औंढ्याला बदलली, आणि दुपार कलताना तो जवळा बाजारला उतरून विचारत विचारत वस्तीवर पोचला.

संतराम सावळा, बुटका, कमी बोलणारा माणूस होता. पोरीचा सासरा आलाय म्हटल्यावर त्यानं घाईघाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, शेजारणीला चहा ठेवायला सांगितलं. घरात बाईमाणूस नाही हे सगळीकडं दिसत होतं. भांडी उघडी, ओटा न सारवलेला. त्याचं नामाजीला काही नव्हतं.

"मेंढरं कुठं असतेत?" त्यानं विचारलं.

"मागं वाडग्यात."

नामाजी चहा न पिताच मागं गेला. वाडगं म्हणजे दगडी कंपाउंड आणि वर निम्म्यात पाल्याचं छप्पर. आत पाऊल टाकलं आणि ते रुतलं. नामाजी सवयीनं खाली बसला, गुडघा दाबला. धोतर लगेच भिजलं, हिरवट-काळं पाणी वर आलं. मेंढरं उभी होती, एक पाय उचलून, मग दुसरा.

संतराम मागं येऊन उभा राहिला होता. ओशाळला. "ती व्हती तवा तीच बघायची सगळं," तो म्हणाला. "म्या बाहेर मेंढरं घेऊन असायचो. आता घरचं अन् हे दोन्ही व्हईना."

नामाजीची नजर कोपऱ्यात गेली. तिथं फावडं होतं. त्यानं ते उचललं, धोतर वर खोचलं आणि पहिला घाव घातला. पाहुणा आपल्या वाडग्यात चिखल काढतोय हे संतराम क्षणभर नुसता बघत राहिला. मग तो कुठंतरी गेला. नामाजीला वाटलं, राग आला असेल, आपला अपमान झाला म्हणून माणूस निघून गेला असेल. आला असता तरी त्याला काही वाटलं नसतं. पण संतराम शेजाऱ्याचं फावडं आणि दोन घमेली घेऊन परत आला, सदरा काढून दगडावर ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं सुरू झाला.

दोघांनी दिवस मावळेपर्यंत काम केलं. बोलणं झालं ते एवढंच:

"मुरूम मिळतो का हितं?"

"वढ्याच्या पलीकडं हाय."

"उद्या टाक. मागल्या अंगाला उतार काढ. न्हाईतर पुन्हा असंच."

"व्हय."

काही वेळानं संतराम आपणहून म्हणाला, "ती गेली तवापासून हात लावू वाटला न्हाई ह्याला. दिसायचं सगळं. पन हात उठायचा न्हाई."

नामाजीनं फावडं थांबवलं. त्याच्याकडं बघितलं. "ते तसंच असतंय," तो म्हणाला.

मुक्काम करून तो दुसऱ्या दिवशी परत आला. चांगुणाबाई आणि सुकन्या दोघी अंगणातच होत्या.

"कसा हाय मानूस?" चांगुणाबाईनं विचारलं.

"वाडगं लई घान व्हतं त्याचं."

चांगुणाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी नको म्हनता?"

"न्हाई," नामाजी म्हणाला. तो सुकन्याकडं वळला. एवढे शब्द तो कधी एका दमात बोलत नव्हता. "म्या फावडं घेतलं तर त्यानं सदरा काढला. मला बस म्हनला न्हाई, अन् सोता बी बसला न्हाई. तू जा. बरा हाय. नसंन जमलं तर वापस ये, कडी काय कुलपाची न्हाई आपली."

पाट साधाच लागला. दहा-पंधरा माणसं, गोड वरण-पोळी. निघताना सुकन्या चांगुणाबाईच्या गळ्यात पडून रडली. इतक्या वर्षांनी तिला रडू फुटलं होतं, आणि ते थांबेना. नामाजीच्या पाया पडायला वाकली तेव्हाही तिचे खांदे हालत होते. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यासाठी बरं झालं, असं त्याच्या मनात आलं. आपल्याला काही वाटतं का हे त्यानं बघितलं नाही. जीप गेली, धूळ खाली बसली, पाव्हणे पांगले. चांगुणाबाई ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. तिच्याशेजारी तो थोडा वेळ बसला. मग उठून छपरीत गेला, कारण दिवस मावळायला आला होता.

सुकन्याला पुढं दोन पोरी झाल्या. ती वर्षातून एकदा-दोनदा यायची, माहेरी यावं तशी, आणि चांगुणाबाई तिला लेकीसारखी लुगडं नेसवून पाठवायची. संतरामही यायचा. तो आणि नामाजी छपरीत जाऊन बसत, खुरांचं, कुटाराचं, कोकरांचं बोलत. इतर बोलणं त्यांच्यात नव्हतं आणि त्याची दोघांनाही उणीव भासत नव्हती.

म्हातारपण आलं तसं मेंढरं कमी होत गेली. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला छपरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. नामाजीचे गुडघे गेले. खाली बसला की उठायला छपराच्या खांबाचा आधार लागे. मग चांगुणाबाई सोबत येऊ लागली. पाटी ती ओती, पसरायचं काम तो करी. ती बडबडत असे, तो ऐकत असे.

एका पावसाळी दुपारी दोघं असेच आत होते. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मेंढरं रवंथ करत बसली होती. चांगुणाबाईनं पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

"एक इचारते," ती म्हणाली. "इतके साल इचारलं न्हाई. प्रभूची याद येती का तुमाला?"

नामाजीनं हातातलं कुटार पसरलं. हळूच हातानं सारखं केलं.

"त्याचं तोंड दिसत न्हाई मला," तो म्हणाला. "लई दिवस झाले. आधी वाटायचं, दिसंन. बसून बघितलं. न्हाई दिसत. आवाज बी न्हाई. बाकीचं सगळं दिसतंय, धुई दिसती, ती वावरं, मेंढरं दिसतेत. तोच न्हाई."

चांगुणाबाईला वाटलं होतं की तो गप्प राहील. तिनं पाटी त्याच्या जवळ सरकवली.

"त्याची हनुवटी तुमच्यावर गेल्ती," ती मग म्हणाली. "मधे खळी व्हती. नाक माझं. कान मोठे, माझ्या बापासारखे. हसला की डावा डोळा बारीक व्हायचा. दाताचा एक तुकडा गेलेला, ल्हानपनी पायरीवर पडला तवा. तुमी नव्हते तवा घरी."

"न्हाई. म्या वसमतकडं व्हतो."

"त्यानं तुकडा हुडकून ठिवला व्हता तुमाला दावायला. मग हरवला."

"आजून सांग," नामाजी म्हणाला.

ती सांगत राहिली. पाऊस चालू होता. तो भिंतीला टेकून कुटारावर बसला होता आणि ऐकत होता, डोळे उघडे, हात मांडीवर. पोरगा दिसतो का हे तिनं मधेच विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. पन तू सांग." मग ती पहिल्यापासून सांगू लागली, बाळंतपण कसं झालं, कोणत्या महिन्यात झालं, सुईण कोण होती. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तेव्हा चालत होता.